कॅप्टनच्या गालावरचं ऊन

१७८२ साली लेडी हारकोम्ब यांच्या मुलीचं, ऑगस्टाचं, बाथमध्ये लग्न झालं. त्याच लग्नाच्या गडबडीत टॅबिथाला चित्रातला चेहरा पहिल्यांदा वेगळा वाटला.

टॅबिथा बाईसाहेबांची खास दासी. ते चित्र निळ्या फितीनं त्यांच्या मनगटावर बांधणं हे तिचं रोजचं पहिलं काम. कबुतराच्या अंड्याएवढ्या हस्तिदंती चकतीवर धाकटा मुलगा ल्युशियस रंगवलेला होता, आरमारी कोटातला, गोरापान. वेस्ट इंडीजच्या लढाईवर निघण्यापूर्वी त्यानं ते आईसाठी काढून घेतलं होतं. त्यानंतर त्याची काही खबर नव्हती. आता बाईसाहेबांनी शोकाचे काळे कपडे घालावेत, लग्नही पुढं ढकलावं, असं नातेवाईक सुचवू लागले होते. बाईसाहेब ऐकून घेत आणि त्यांना आणखी चहा ओतत.

त्या सकाळी ल्युशियसचे गाल तांबूस दिसले. शेकोटीचा धूर बसला असेल म्हणून टॅबिथानं काच पुसली. फरक पडला नाही. मग खिडकीतल्या उजेडाचा संशय आला, म्हणून बाईसाहेब सर्दीनं पडून होत्या तेवढे दिवस तिनं चित्र फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून खणात ठेवलं.

बाहेर काढलं तेव्हा चेहरा तपकिरी झाला होता. कपाळाचा वरचा भाग तेवढा पांढरा राहिला होता. टॅबिथा डेव्हनच्या कोळ्याची मुलगी. बाप आणि भाऊ समुद्रावरून परतून टोपी काढत, तेव्हा त्यांची कपाळं अशीच दिसत.

ती चित्र घेऊन चित्रकार प्रेवेट यांच्याकडे गेली.

"चहा सांडलात ना यावर?" ते हसत म्हणाले आणि भिंग लावून बसले. चित्र फिरवून फिरवून कड तपासली.

"काचेची कड मीच चिकटवली होती. ती कुणी उघडलेली नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आणि हा रंग उन्हानं उडतो, बाई. चढत नाही."

चित्र त्यांनी परत दिलं ते रुमालात धरून.

टॅबिथानं घरी येऊन सगळं सांगितलं, कपाळाचंही. बाईसाहेब कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

"म्हणजे टोपी घालतोय हल्ली. लहानपणी किती मागे लागावं लागायचं."

लग्न ठरल्या दिवशीच झालं. आई पिवळ्या रेशमात मिरवली. घरात पुन्हा गाणं ऐकू येऊ लागलं. ऑगस्टमध्ये चित्रातल्या नाकाचं साल निघालं, तेव्हा दोघींनी मिळून त्याची थट्टा केली.

पानगळीत लेफ्टनंट ओकशॉट भेटायला आले. ते ल्युशियसच्याच जहाजावर होते. ते काही बोलण्याआधीच बाईसाहेबांनी मनगट पुढं केलं.

ओकशॉट बघत राहिले. कपातला चहा निवला.

"तिकडच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सगळे असेच दिसत होतो," ते म्हणाले. "अगदी असेच."

"मग?" बाईसाहेबांनी विचारलं.

ओकशॉटनी सांगितलं, आणि तेव्हा घरी धाडलेलं पत्र पोचलंच नसावं, हेही. बाईसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या पुढ्यात केक सरकवला.

काळे कपडे त्यांनी शेवटपर्यंत घातले नाहीत.

कॅप्टन ल्युशियस हारकोम्ब १७८० च्या डिसेंबरात तापानं वारले. जहाज तेव्हा इंग्लंडच्या धुक्यातूनही बाहेर पडलं नव्हतं.