रांजणातला गाळ

हियामने फडक्यावरचा गाळ ओंजळीत घेतला आणि ती पहारेकऱ्याच्या खोपटाच्या दारातच मटकन बसली.

"चौदा होत्या," ती म्हणाली. "चौदाच्या चौदा गेल्या."

मातीच्या मोहरा. नखाएवढ्या. अडीच हजार वर्षांपूर्वी याच सूर बंदरातल्या फिनिशियन लोकांनी पत्राला दोरी बांधली, दोरीवर ओली माती चिकटवली, मातीवर अंगठी दाबली. पत्रांचा केव्हाच भुगा झाला. मोहरा तेवढ्या उरल्या होत्या, आजवर.

नवाल शिद्याक, पुरातत्त्व खात्याची तपासनीस, खाली वाकली. मोहरा स्वच्छ करणारी हियाम कालपासून बैरूतला होती. आत्ता ती नवालच्याच गाडीतून आली होती.

"मी तर इथलं पाणी प्यायलाच निघालो होतो, सित्त नवाल," हवालदार तानियूस म्हणाला. "तेवढ्यात उस्ताद म्हणाले, रांजण बघ. झाकण काढलं तर आत अरकाच्या दारूत पाणी ओतल्यासारखं सगळं पांढुरकं! मग फडक्यातून गाळलं. नाहीतर आपला सगळा इतिहास माझ्या पोटात गेला असता."

नवालने वही उघडली.

"किती वाजता?"

"बाराला."

"आणि पहारेकऱ्याला कधी धरलं?"

"काल संध्याकाळी सातला. मोहरांची पेटी रिकामी दिसली, कोठाराची किल्ली त्याच्याकडे. तेव्हापासून फाटकावर आमचा माणूस आहे. आज सकाळी नऊला उस्ताद आले, बाकी चिटपाखरू नाही."

उत्खननाचे प्रमुख उस्ताद बशारा अंजिराच्या सावलीत उभे होते. पांढरे केस, पांढरा सदरा. नवालला त्यांनीच शिकवलं होतं.

"निर्वासितांच्या छावणीतला माणूस, बेटा," ते हळहळून म्हणाले. "मोल कळलं नाही त्याला. पाण्यात लपवल्या. भाजलेल्या असत्या तर टिकल्या असत्या."

नवालने पेल्यात रांजणातलंच उरलेलं पाणी घेतलं, चिमूटभर गाळ ढवळला आणि पेला खिडकीत ठेवला.

"हात लावू नकोस," तिने तानियूसला बजावलं.

"आता पाजलंत तरी पिणार नाही!"

*

पहारेकरी अबू वहीब चौकीच्या बाकावर अवघडून बसला होता. साठीचा माणूस, दिवसा खोदकामावरही असायचा; नखांत अजून खणलेली माती.

"मोहरा तुम्ही घेतल्या?"

"आज पहिल्यांदा कोणी मला विचारतंय," तो म्हणाला. "छावणीतल्या माणसाला कोण विचारतं, बाई? त्याच्याबद्दल विचारतात. स्वयंपाकी म्हणाला मी चोर, ड्रायव्हर म्हणाला मी चोर, उस्ताद म्हणाले बिचारा. झालं."

"मोहरांचा घडा जमिनीतून कोणी काढला?"

"मी. तोंडाला डांबर लावलेला, आतून कोरडा ठाक. घडा ज्या खोलीत होता, ती खडकापर्यंत मीच उपसली. राख नाही, कोळशाचा कण नाही. माती कच्ची. आमच्या घरी तंदूर थापायचे. कच्ची माती मला बोटाला कळते. मी हियामबाईंना म्हटलं, यांच्यावर श्वाससुद्धा जपून सोडा."

"मग त्या पाण्यात कशा गेल्या?"

"पोराला कोणी विहिरीत ठेवतं का लपवायला?"

तो बाकावरून उठला. "मला सोडवा, बाई. चोरीचा शिक्का बसला की छावणीबाहेर कामाला उभं करत नाही कोणी."

*

चार वाजता नवालने सगळ्यांना खिडकीपाशी बोलावलं. पेल्यातलं पाणी निवळशंख होतं. गाळ तळाला बसला होता.

"सूरचं पाणी जरा खारट. त्यात माती लवकर खाली बसते. अबू वहीब काल सातपासून कोठडीत. मोहरा त्याने टाकल्या असत्या, तर आज बाराला रांजण असाच नितळ दिसला असता. तो गढूळ होता. म्हणजे त्या आज सकाळी टाकल्या."

"सकाळी इथे होतं कोण?" तानियूस म्हणाला, आणि उस्तादांकडे वळला.

"उस्ताद, कोठाराची दुसरी किल्ली तुमच्याकडे. रांजण बघा, हेही तुम्हीच सांगितलंत. पण चोर माल विकतो. या मोहरा कोणाला विकायच्या नव्हत्या, विरघळवायच्या होत्या. हियाम, उस्तादांना तू काय सांगितलं होतंस?"

"परवा सांगितलं," हियाम हळू बोलली. "अशा मोहरा आगीत भाजल्या तरच बहुधा टिकतात. या कच्च्या आहेत. ती दप्तरखान्याची खोली कधी जळलीच नाही."

"आणि तुमचं पुस्तक, उस्ताद?"

बशारा खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "या लोकांनी स्वतःच्याच दप्तरखान्याला आग लावली, असं एका ग्रीकाने लिहिलं. त्यावर मी पुस्तक उभं केलं. यांचं स्वतःचं एक पान उरलं नाही. शत्रूच्या तोंडून ऐकण्यावाचून मी काय करणार होतो, नवाल?"

"घडा निघेपर्यंत काही नाही. घडा निघाल्यावर त्याचं ऐकायला हवं होतं."

"म्हातारपणी?" ते कडवट हसले. "मला खुशाल कोर्टात ने. पुस्तक पुढच्या आठवड्यात येतंय. राख नव्हती हे आता कशावरून दाखवशील? एकदा गाळ झाला की ती कुठलीही माती. छायाचित्रात माती कच्ची की भाजलेली, दिसतं?"

तानियूसने त्यांच्या दंडाला धरलं. धरताना तो "माफ करा, उस्ताद" म्हणाला. अबू वहीबला धरताना कोणी म्हणालं नव्हतं.

*

अबू वहीब सुटला. खोपटाला तोवर दुसरं कुलूप लागलं होतं. कंत्राटदाराने नवा माणूस नेमला होता. गादीची वळकटी बाहेर धुळीत पडली होती.

"मी बोलते त्याच्याशी," नवाल म्हणाली.

"बोला. तो म्हणेल, चोरी केली नाही, पण चौकीत गेला होता ना."

तिने अहवालाचा कागद पुढे केला. "खोलीत राख नव्हती, हे तुम्ही एकट्याने पाहिलंत. इथे सही करा. कोर्टात यावं लागेल."

त्याने कागद वाचला. ओठ हलवत, दोनदा.

"उस्तादांच्या समोर माझी सही? वकील पहिला प्रश्न विचारेल, तुझे कागद कुठेत. दुसरा विचारणारच नाही." त्याने वळकटी खांद्यावर घेतली. "राख नव्हती, हे खरंय. ते लिहा. माझं नाव नको."

तो छावणीच्या रस्त्याला लागला.

नवालने लिहिलं : खोलीत राख नव्हती. शेजारच्या रकान्यात, हे कोणी पाहिलं तिथे, तिला काहीच लिहिता आलं नाही.