बादलीचा तळ

"चोर बादली परत आणून ठेवतो?" मोरोहोशीने विचारलं. गुप्तहेर कुझुमीबाईंचा हा मदतनीस मनाने चांगला, डोक्याने सावकाश.

समोर तोयोनो फडक्यात गुंडाळलेली बादली मांडीवर घेऊन बसली होती. नवरा जाऊन वर्ष झालं. दर महिन्याला ती याच बादलीतल्या पाण्याने त्याच्या थडग्याचा दगड धूत असे. मंदिरातल्या फळीवरून बादली आठ दिवस नाहीशी झाली आणि आज सकाळी परत आली. गेली तेव्हा जस्ताने चकचकीत होती, आली ती तांबडी होऊन.

"ही त्यांनीच घडवलेली हो," तोयोनो म्हणाली. "जन्मभर बादल्यांना जस्त चढवलं. रात्री कितीही उशीर होवो, मी जेवायची थांबायचे आणि ते मुकाट जेवायचे. जाताना तरी एक शब्द बोलतील असं वाटलं होतं." तो शब्द तिला अजून हवा होता.

कुझुमीबाईंनी फडकं सोडलं. "गंज एका रात्रीचा, जस्ताचा ठिपका नाही. लाकडी मूठ मात्र धड, आणि तिची तार कोरी. फडक्याला खालून तेल कसलं लागलंय?"

"कोण जाणे," म्हणत तोयोनोने बादली पुन्हा गुंडाळली.

पहिला संशय भंगारवाल्या इनाबावर होता. विचारताच तो खवळलाच. "मी नेली असती तर एव्हाना वितळली असती! जस्त उतरवत बसायला माझ्याकडे हौद आहे का?"

हौद होता पलीकडच्या कारखान्यात. भंगार पत्र्यावरचं जस्त तिथे गरम कॉस्टिक सोड्यात उतरवत. बादली घेऊन तिघं तिथे पोचली. हौदावर कान्झाकी होता, तोयोनोच्या नवऱ्याचा जुना सोबती.

"बादली मिळाली, पण पार वाटोळं झालंय," मोरोहोशीने सांगितलं.

"पालथीच होती ना?" कान्झाकीने घाईने विचारलं.

"मंदिरात सगळ्याच पालथ्या असतात," तोयोनो म्हणाली. "मी नेहमीसारखी उचलली, सुलटी केली, पाणी भरलं."

कान्झाकीचा चेहरा पडला.

"कॉस्टिक लाकूडही खातं," कुझुमीबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून मूठ आधी काढली, मग नव्या तारेने बसवली. चोराला एवढी माया कुठली? आणि तेल लावलं ते तळालाच. तेवढा भाग गंजू नये, तोयोनोसानना दिसावा म्हणून. खरं ना, कान्झाकीसान?"

त्यांनी बादली पालथी केली. तळ स्वच्छ होता, आणि त्यावर अक्षरं कोरलेली होती.

"त्यानेच कोरली," कान्झाकी पुटपुटला. "वर जस्त चढवून झाकली. म्हणाला, मी गेल्यावर वर्षाने उतरव. तिला सांगू नकोस, लाज वाटते."

"मेल्यावर कसली लाज!" मोरोहोशी म्हणाला.

तोयोनोने अक्षरांवरून बोट फिरवलं. 'तू जेवायची थांबायचीस. मला कळत होतं.'

ती रडली, भरपूर रडली.

"पुन्हा जस्त चढवून आणू का, वहिनी?" कान्झाकीने विचारलं.

"नको," तोयोनो डोळे पुसत म्हणाली. "थोडं तेल द्या."