शंभर टक्के हजेरी

ऐकून हसाल, हसा. मीही आधी हसलेच होते.

माझं इतिहासाचं एम.ए. घरबसल्या चाललं होतं. माजिवड्याच्या एका शाळेत मी सहा वर्षं कंत्राटी बाई. यंदा पदवी मिळाली तरच कायम होणार, आणि परीक्षेची ही शेवटची संधी. लेक्चरं सगळी लॅपटॉपवर. समोर माणूस बसलंय का, हे बघून कॅमेराच हजेरी लावायचा. मला आठवड्यातच कंटाळा आला. लेक्चर लावायचं, मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि स्वयंपाकघरात बोंबील तळायचे, हा माझा अभ्यास. महिनाअखेरीस पाहिलं, तर हजेरी शंभर टक्के. यंत्राची अक्कल ती केवढी, म्हटलं.

सुदेश, म्हणजे माझा नवरा, एकदा म्हणाला, "अगं, तू इथे आहेस, मग आत लेक्चर मागे घेऊन घेऊन कोण ऐकतंय?" मी त्याला वेड्यात काढलं.

परीक्षेच्या दुपारी घरात मी एकटीच. खिडक्या बंद होत्या, पंखा कुरकुरत होता आणि खोलीत जुन्या, ओल धरलेल्या वह्यांचा वास येत होता. पेपर उघडला तोच पडद्यावर सूचना आली. खोलीत दोन व्यक्ती आहेत, एकीने बाहेर जावे. अशा तीन सूचना आल्या की पेपर रद्द.

मी पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं. कुणी नाही. तेवढ्यात दुसरी सूचना आली आणि मला रडूच फुटलं. रिकाम्या खोलीला हात जोडले.

"कोण असाल ते... पाया पडते. दोन तास बाहेर बसा."

दार हळूच उघडलं. तितक्याच हळू लागलं. वास गेला. मी डोळे पुसून पहिला प्रश्न वाचते, तर पडद्यावर नवी अक्षरं होती.

परीक्षार्थी खोलीबाहेर गेला आहे. तीस सेकंदांत न परतल्यास पेपर रद्द.

घाबरायलाही सवड नव्हती. धावत जाऊन दार उघडलं.

"या... तुमचाच पेपर आहे."

अंगाला गार वारा घासून आत गेला. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. आत दोन तास की-बोर्ड वाजत होता. मध्ये एकदा कुणीतरी बोटं मोडली.

पहिला वर्ग मिळाला. मी कायम झाले. लाज वाटली, पण पेढे वाटले.

परवा विद्यापीठातून फोन आला. पीएच.डी.चा अर्ज मंजूर झालाय, मुलाखतीला प्रत्यक्ष यायचंय. मी असला अर्ज भरलेलाच नाही.

मुलाखत आज होती. आणि सकाळपासून सुदेशचा इस्त्रीचा शर्ट सापडत नाहीये.