वारा पडला आणि…

ऐका ना, आम्ही जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात गेलो ते फक्त एका पेटीसाठी!

पेटी माझ्या मैत्रिणीची, देवश्रीची. ती तिथल्या जुन्या ज्वालामुखीवर पीएचडी करतेय. जमिनीतून किती वायू वर येतो ते मोजणारं यंत्र तिने डोंगरमाथ्यावरच्या एका खड्ड्यात ठेवलेलं. अख्ख्या हिवाळ्याचा डेटा त्यात! अँटेना मोडला, म्हणून पेटीच वर काढायची. नाही निघाली तर कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, म्हणजे पीएचडी संपली.

मी, म्हणजे ऊर्जा, बर्लिनहून ट्रेनने पोचले. आमचा मित्र तनय एश्बॉर्न गावाहून गाडी घेऊन आला आणि चढायला लागल्यापासून त्याची टकळी सुरू.

"हा ज्वालामुखी? पुण्यात याला टेकडी म्हणतात. रिटायर्ड काका लोक फिरायला येतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," देवश्री म्हणाली. "काकांच्या टेकडीखाली मॅग्मा आहे का?"

पण वर पोचलो आणि तोही बघतच राहिला. बीच जातीची, पानं गळलेली उघडी झाडं, त्यांच्यात अडकलेलं धुकं, एक झरा गंजासारखा लालभडक. खड्डा विहिरीएवढा खोल, एका बाजूने उताराचा, तळाशी चिखल, आणि चिखलात बुडबुडे! ब्लुप, ब्लुप. देवश्री म्हणे, पाणी बर्फासारखं. थंडगार पाण्याला उकळी फुटलेली! कडेला एक पक्षी मरून पडलेला.

"हा कार्बन डायऑक्साइड," देवश्री म्हणाली. "हवेपेक्षा जड. दिसत नाही, वास नाही, पण खड्ड्यात पाण्यासारखा साठतो. वारा आहे तोवर उडून जातो. वारा पडला की लगेच वर यायचं."

उतरणार होती तीच. पण ओल्या दगडावरून पाय सटकला आणि मनगट टम्म सुजलं.

"मी जातो," तनय म्हणाला. तिने नको नको म्हटलं. मग स्वतःचा वायू ओळखणारा अलार्म त्याच्या जॅकेटला अडकवला.

तो उतरला, पेटीला दोर बांधला, आम्ही ओढायला लागलो. दोर एकच, आणि तो झाडाला वेढा देऊन धरलेला. पेटी काठाशी आली आणि मुळांत अडकली. ओढतोय, ओढतोय, हलेचना!

तेवढ्यात फांद्या थांबल्या. एक डहाळी हलेना.

तनयचा अलार्म किंचाळायला लागला.

"वर ये!" देवश्री ओरडली.

"येतो... अगं, गरगरतंय... जरा बसतो."

"बसू नको!! तनय, बसू नको!"

बसला! चक्कर आली की खाली बसायचं, आईने लहानपणापासून हेच शिकवलेलं ना आपल्याला. इथे नेमकं तेच मरण! उभा असता तर डोकं वायूच्या वर राहिलं असतं. बसला आणि बुडाला. न दिसणाऱ्या वायूत, आमच्या डोळ्यांदेखत!

मी हाका मारतेय. मान लटकली त्याची.

"काप!" देवश्री म्हणाली.

"काय काप?"

"दोर काप, ऊर्जा! दुसरा दोर नाहीये!"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे नाही बघितलं. चाकू माझ्या हातात कोंबला. मी काठावर पालथी पडून गाठीवरच दोर कापला. पेटी गडगडत तनयच्या बाजूने गेली आणि चिखलात रुतली. ब्लुप.

दोर माझ्या कमरेला. दुसरं टोक झाडाला वेढा घालून तिच्या धडक्या हातात.

"श्वास वरच घे. खाली तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर मी दोघांना नाही काढू शकत!"

उतरले. उभीच्या उभी. त्याच्याजवळ पोचून मोठ्ठा श्वास घेतला आणि वाकले. नाकात झिणझिण्या, सोड्याचा ठसका लागल्यासारख्या. डोळे चुरचुरले. दोराचा उरलेला भाग त्याच्या काखांतून घेतला. बोटं ऐकेनात! गाठ सुटली. पुन्हा. छाती फुटतेय! गाठ बसली. ताठ उभी राहिले, हवा गिळली, किंचाळले, "ओढ!"

ती ओढतेय, मी ढकलतेय, पालापाचोळा पायाखालून सरकतोय. एक पाऊल वर, अर्धं खाली. तनय पोत्यासारखा. देवश्री रडत रडत शिव्या देत होती, मराठीत आणि जर्मनमध्ये, आणि दुखरा हातही आता दोरावर होता! त्याचं डोकं वायूच्या वर आलं. काही नाही. अजून वर. तरी काही नाही.

मग खोकला! तुम्हाला सांगते, इतका घाणेरडा, ओला, सुंदर खोकला मी आयुष्यात ऐकला नाही.

काठावर आणल्यावर तो उलटी करत पहिलं काय बोलला असेल?

"पेटी?"

"गप रे गाढवा," देवश्री म्हणाली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

११२ लावल्यावर फॉयरवेअरवाले, म्हणजे अग्निशमन दलाचे लोक, धापा टाकत वर आले. त्याला ऑक्सिजन लावला. एकाने खड्ड्यात वाकून बघितलं. पेटीचा कोपरा तेवढा चिखलाबाहेर होता, हळूहळू आत चाललेला.

"खाली अजून कोणी आहे का?" त्याने जर्मनमध्ये विचारलं.

देवश्रीने तो कोपरा बुडेपर्यंत बघितला.

"नाइन, कोणी नाही," ती म्हणाली. "सगळे वर आलेत."