रद्द केलेले फोटो

एकदा मी मौनाचं व्रत धरलं होतं. एकवीस आठवडे, आठवड्यातला एक दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. वीस आठवडे नीट पार पडले. एकविसाव्या दिवशी, दिवेलागणीला दीड-दोन तास उरले असताना, मी ते मोडलं. दिवा जरा इकडे सरकवा, सांगते. उद्या तुम्ही त्याच रस्त्याने जाणार आहात म्हणून. एरवी हा विषय आमच्या घरात निघत नाही.

व्रत कशासाठी, तर आमचे हे आणि त्यांची धाकटी बहीण यांचं बोलणं पुन्हा सुरू व्हावं म्हणून.

हे हायवेच्या कॅमेरा-ऑफिसात तपासनीस होते. लांबलचक उतार आहे ना, त्याच्या मध्यावर वेगाची मर्यादा शंभरावरून एकदम साठवर येते, आणि ती पाटी फांदीआड लपलेली. बरोबर तिथे कॅमेरा. खरं वळण दोन किलोमीटर पुढे. माणसं मरायची ती वळणावर. उतारावर कधी कोणाला खरचटलंही नव्हतं. कॅमेरा कुठे लावावा, त्या अहवालावर सही यांची. साहेबांचं म्हणणं असं, की वळणावर घाबरून सगळेच ब्रेक दाबतात, तिथे दंड लावायचा कोणाला? यांनी सही केली, आणि मनापासून केली हो. वेग कुठेही कमी झाला तरी जीवच वाचतात, असं ते मानायचे. पण लोक कॅमेऱ्यापाशी हळू व्हायचे, दोन शिव्या हासडायचे आणि गेलेला वेळ भरून काढायला पुढे ॲक्सिलरेटरवर पाय दाबायचे. तो थेट वळणापर्यंत.

वन्संचे यजमान तसेच गेले. रुग्णवाहिका येईपर्यंत पाऊण तास डांबरावर पडून होते. त्यांना पोचवून परतताना वन्सं भावाला एवढंच म्हणाल्या, "दादा, तुझं दुकान चांगलं चालू दे." त्यानंतर दोन वर्षं एक शब्द नाही. गल्लीतही यांना फोटोवाले म्हणायचे. हे रस्त्यात दिसले की कोणी भांग ठीक करायचा, कोणी विचारायचा, हसू की गंभीर राहू? हे मान खाली घालून घरी यायचे.

माझ्याशी मात्र वन्सं बोलायच्या. व्रताचं त्यांना ठाऊक होतं. म्हणायच्या, वहिनी, देव बहिरा आहे, त्यात तू मुकी, कसं व्हायचं तुमचं.

त्या शेवटच्या दिवशी हे चष्मा घरी विसरले. मी दुपारी तो द्यायला ऑफिसात गेले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि त्या खोलीच्या काचांना काळा कागद. दार लोटलं तशी मी जणू विहिरीतच उतरले. तापलेल्या वायरींचा वास, शिळ्या चहाचा वास. कोपऱ्यातलं यंत्र थोड्या थोड्या वेळानं टक्... करायचं, की पडद्यावर नवा फोटो. हे एकटेच होते.

प्रत्येक फोटोखाली दोन बटणं, मंजूर आणि रद्द. गाडीचा नंबर वाचता आला तर मंजूर, नोटीस घरी. वाचता नाही आला तर रद्द. रद्द झालेला फोटो पुन्हा कोणी बघत नाही. त्यातून दंड निघत नाही ना.

चष्मा चढवून यांनी मला जवळ बोलावलं. पाच महिन्यांत काही विचित्र फोटो आलेत, म्हणाले, सांगू कोणाला कळेना. एक उघडून दाखवला. तो उतार नव्हताच. ते वळण होतं, तुटक्या कठड्यासकट, आणि एका गाडीची नुसती बाजू. कॅमेऱ्याचं तोंडही त्या दिशेला नाही. असे सहा आले, सहाही यांनी रद्द केले. खालची वेळ नेहमी वीस मिनिटं ते तासभर पुढची. घड्याळ बिघडलं असेल म्हणून दुरुस्तीला कळवलं होतं.

मी खुणेनं तारखा विचारल्या. वळणावर कोणी गेल्याचं कळलं की मी त्या दिवशी देवापाशी एक वात जास्त लावते, त्यामुळे त्या तारखा मला पाठ. हे एकेक वाचत गेले. चौथी तारीखही जुळली तेव्हा चष्म्याची डबी माझ्या हातातून पडली.

टक्.

सातवा फोटो. तेच वळण. गाडी निळी. मागच्या दारावर पोचा, आणि त्यावर घरीच मारलेला, जरा वेगळ्याच निळ्या रंगाचा हात. तो रंग मीच आणून दिला होता वन्संना. खाली तारीख आजची. वेळ चार चाळीस. भिंतीवर चार वाजून अठरा मिनिटं झाली होती, आणि याच सुमारास वन्सं कामावरून त्या रस्त्याने परतायच्या.

यांनी फोन लावला. वन्संनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा रिंगच गेली नाही, यांचा नंबरच त्यांनी ब्लॉक केला होता. यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं... बोल असं म्हणाले नाहीत. एकवीस आठवडे मी कोणासाठी गप्प होते ते त्यांना माहीत होतं.

मी माझ्या फोनवरून लावला. वन्संनी लगेच घेतला. मागे वाऱ्याचा आवाज. हसत म्हणाल्या, आज तर तुझा मुका दिवस, मग फोन कशाला?

"वन्सं... गाडी थांबवा."

पलीकडचं हसू तुटलं.

"वहिनी... तू बोललीस?"

"बाजूला घ्या. आत्ता... पुढे जाऊ नका."

वाऱ्याचा आवाज कमी कमी होत गेला, मग नुसती गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक. थांबले, म्हणाल्या. मग बारीक आवाजात, "तू व्रत मोडलंस म्हणजे काहीतरी भयंकर आहे. दादा आहे का तिथे?" मी फोन यांच्या हातात दिला. दोघं भावंडं दोन टोकांना नुसती रडत होती, आणि मी देवाला हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर निळी गाडी नव्हती. तेच वळण, तीच वेळ, आणि पांढरी गाडी. नंबर अगदी स्वच्छ. भिंतीवर चार एकोणचाळीस.

मग काही वेळानं बारीक असा सायरन... उताराकडून खाली जाणारा.

वीस मिनिटं होती आमच्या हातात. गस्तीच्या गाडीला एक फोन केला असता तर वळण अडवता आलं असतं. आम्हाला सुचलंच नाही. आमचं माणूस वाचलं होतं.

यांनी त्या फोटोला हात लावला नाही. यंत्राची वायरच उपटली. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे कॅमेरा वळणावर न्यायचा अर्ज दिला. साहेबांनी तो वाचलाही नाही; म्हणाले, तिथे कमाई काय? यांनी नोकरी सोडली. वन्सं आता दर आठवड्याला येतात, भावाशी भांडतात, जेवून जातात. मोडलेल्या व्रताचं फळ देवानं कसं दिलं, ते मी विचारत नाही.

महिन्याभरानं एक म्हातारी बाई ऑफिसातून पत्ता काढत दाराशी आली. पांढरी गाडी तिच्या मुलाची. तिच्या हातात दंडाची नोटीस होती, यांनी मंजूर न केलेल्या त्या वळणावरच्या फोटोसकट. रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तिथे कॅमेरा नाही म्हणतात... मग हा काढला कोणी?"

तिनं कागद फरशीवर ठेवला आणि स्वतः वाकून गाल जमिनीला टेकवला. म्हणाली, असं पाहिलं तर असंच दिसतं. हा उंच खांबावरून नाही हो काढलेला... हा खाली पडलेल्या माणसाला दिसेल तसा आहे. खरंच, गाडीची चाकं डोळ्यांच्या पातळीवर होती. आणि खालच्या कडेला काहीतरी धूसर, पसरलेल्या बोटांसारखं. वन्सं तिथेच होत्या. त्यांनी तो कागद उचलला आणि त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या, बाई निघून गेली तरी.

तेव्हापासून, जो माझा मौनाचा वार होता त्या दिवशी मी उताराच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर उभी राहते आणि येईल त्याला सांगते. कोणी हसतं, कोणी हाकलतं. तुम्हीही सांगा. कॅमेऱ्यापाशी उद्या तुम्ही हळू व्हालच, सगळे होतात, वळणाशी व्हा. आणि पुढे जो कोणी भेटेल त्यालाही थांबवून एवढं सांगा. आपला आहे की परका, ते बघत बसू नका.