ओढायच्या नावेचा दोर

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला पटो न पटो. मी ती कडूबा आजोबांच्याच तोंडून ऐकली, आणि आमचे आजोबा थापा मारणाऱ्यांतले नव्हते.

साल १९४४. निजामाचं राज्य. अंबड तालुक्यात, शहागडच्या खाली गोदावरीचा एक घाट. दिवाळी नुकतीच झाली होती.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

आजोबांचा तराफा होता. बैलगाड्या, कापूस, माणसं, सगळं त्यावर चढायचं. तराफ्याला वल्ही नसतात. पुढे नाव बांधायची आणि तिने दोराने ओढायचं. मध्यधारेत दोर सुटला, की तराफ्यावरच्यांचं काही खरं नाही.

त्या पावसाळ्यात ओढायची जुनी नाव कुजली. आता नवी निवडायची होती.

शेजारच्या घाटावरचा इनायत आपली नाव द्यायला तयार होता. "चालते धीमी, कडूबाभाई. पण ओढलेला तराफा सोडत न्हाई."

तेवढ्यात धाकटा भाऊ धर्मराज खालच्या घाटावरून स्वतःची नाव घेऊन आला. हलकी, ताजं डांबर लावलेली.

"दादा, घरची असताना बाहेरची कशाला? नाव बिलकुल चांगली हाय. मायची आन."

आईची शपथ घेतल्यावर आजोबांनी नाव नीट पाहिलीसुद्धा नाही. सख्ख्या भावाला काय तपासायचं?

रिकामा तराफा मागे बांधून दोघंच निघाले. आजोबा वल्ह्यावर, धर्मराज मागे दोराजवळ.

मध्यधारेत आले, आणि टिटव्यांचा आवाज थांबला.

मग पाण्याचाही थांबला...

आजोबा वल्हं मारत होते, पण नाव पुढे सरकेना. दोर करकरायला लागला. भरल्या तराफ्याचा करकरतो, तसा.

आजोबांनी मागे पाहिलं.

तराफा रिकामा होता. पण पाण्यात खोल बसला होता. पार फळ्यांपर्यंत.

आणि त्या रिकाम्या तराफ्यावरून बाईचा आवाज आला...

"धर्मा, दोर तोडू नको... लेकरू हाय माझ्याजवळ."

आजोबांचं वल्हं थांबलं. धर्मराजने मात्र मान वळवली नाही. रोजचं ऐकणं असावं, तसा तो हळूच म्हणाला, "गप बस गं, गोजरबाई. तवा काय होतं माझ्या हातात?"

"कोण गोजरबाई?" आजोबांनी विचारलं.

धर्मराजने दोराची गाठ चाचपली.

"मागच्या पुरात माझ्या तराफ्यावर होती. तराफा नावेला खाली ओढून राह्यला होता, दादा. मंग तोडला मी दोर."

"आन ही नाव मला दिली?"

"तवापासून रोज दुपारी येती. झोप न्हाई, अन्न न्हाई. वाटलं, नाव दुसऱ्याच्या हाती गेली, तर तीबी जाईल."

आजोबा सांगायचे, त्या आवाजाला मी भ्यालो. पण काळजात लागला तो एकच शब्द.

"मी दुसरा व्हय रं, धर्मा?"

आवाज आला, तो मागून...

"कडूबा, दोर तोडू नको."

आजोबांनी नाव कशीबशी काठाला लावली. संध्याकाळी ती जाळली. दुसऱ्या दिवशी इनायतची नाव आणली. पण आवाज गेला नाही. रोज दुपारी जेवायच्या आधी आजोबा दाराकडे पाठ करून म्हणायचे, "धरलाय बाई, सोडत न्हाई." मगच घास घ्यायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. धर्मराजला मात्र त्या दिवसापासून गाढ झोप लागायची. भावाशी आजोबा पुन्हा बोलले नाहीत.

आजोबा गेले ते दुपारीच. घर माणसांनी भरलं होतं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो.

रडारड एकदम थांबली... का, ते कुणालाच सांगता येणार नाही.

उंबऱ्याशी बसलेल्या म्हाताऱ्या धर्मराजने दचकून डोकं वर केलं. तो पाठीमागून, दाराबाहेरून येणारं काहीतरी ऐकत होता. मग त्याने आम्हा सगळ्या नातवंडांकडे एकेक करून पाहिलं. सावकाश. निवड करावी तसं.

त्याची नजर माझ्यावर थांबली.

"बाळा," तो मायेने म्हणाला, "जरा इकडं माझ्या जागी येऊन बस."

घरचं वडीलधारं माणूस होतं. मी बसलो.