कोरी चिठ्ठी

बस गं प्रूडन्स, शेकोटीपाशी. त्या खुर्चीत मात्र नको, ती क्रेनसाहेबांची. तुझा नवरा माझं ऐकत नाही, म्हणून आज सूनबाईला सांगून टाकते.

तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट. वॉशिंग्टन तेव्हा नुसता चिखल नि झाडांचे बुंधे. माझ्या खाणावळीत देशाच्या सभागृहातले एकाच पक्षाचे सभासद उतरायचे. दुसऱ्या पक्षाच्या माणसाशेजारी जेवणं म्हणजे त्यांना विष. निवडणूक हरले होते मेले, पण नवा अध्यक्ष ठरवायचं मतदान सभागृहात अडवून बसले होते. त्यांच्यातले ओबाडाया क्रेन आपल्या राज्याचे एकटेच सभासद, आणि एका राज्याला एकच मत. त्यांनी विरोधी मत टाकायचं थांबवलं की कोंडी फुटणार होती. आणि नदीपलीकडे जिंकलेल्या पक्षाची माणसं बंदुका भरून उभी. त्यात माझा रूबेन, मिसरूडही न फुटलेला.

मतदानाच्या त्या सकाळी मी मक्याची भाकरी नि सफरचंदाचं गरम सायडर घेऊन आले. क्रेनसाहेब या खुर्चीत तापानं फणफणलेले. बाहेर बर्फ पडत होता.

"साहेब, हात जोडते. एकुलतं एक पोर आहे हो माझं."

"किझायाबाई, मेलो तरी त्या लोकांना मत देणार नाही."

"मग काय माझ्या पोरानं मरायचं?"

दुपारच्या आत साहेब खुर्चीतच गेले. मी त्यांचे डोळे मिटले, जबडा उघडा राहू नये म्हणून माझं निळं फडकं बांधलं आणि पाणी तापवायला आत गेले. घरात शेवाळल्या विहिरीसारखा वास सुटला होता.

थोड्या वेळानं बाहेर घंटा वाजू लागल्या. आमच्याकडचे लायमनसाहेब मागच्या दारानं आले, पांढरेफटक.

"म्हातारा एवढ्या बर्फातून सभागृहात आला कसा, बाई?"

"कोण?"

"क्रेन! दात दुखत असावा, जबड्याला तुमचं निळं फडकं होतं. कुणाशी बोलला नाही. पेटीत चिठ्ठी टाकली... कोरी. संपलं. आपली सत्ता गेली."

मी धावले. क्रेनसाहेब खुर्चीतच होते. मोज्यांना बर्फ लागलेला. पुढचं दार उघडलं, तर पायऱ्यांवरून बाहेर जाणारी पावलं होती... आत येणारं एकही नव्हतं.

शब्द पाळला हो त्यांनी. त्या लोकांना मत दिलं नाहीच. एकही गोळी न सुटता सत्ता बदलली, आणि माझा रूबेन धडधाकट घरी आला. ते निळं फडकं मी त्यांच्याबरोबरच पुरलं.

आज पुन्हा सत्ता बदलतेय. या खेपेला हरलेल्या बाजूला आपला रूबेन. शस्त्रागाराचा कप्तान झालाय ना, ऐट केवढी! दुपारी नवे लोक किल्ल्या मागायला येणार, आणि सकाळी न्याहारी करताना काय म्हणाला, ऐकलंस ना? "मेलो तरी त्या लोकांना किल्ल्या देणार नाही." तू हसलीस. मला नाही गं हसू आलं.

तो गेल्यावर मी अंगण झाडायला निघाले. बाहेर लख्ख ऊन. महिनाभर बर्फाचा कण नाही. आणि उंबऱ्यापासून आत बर्फाची पावलं... या खुर्चीवरून पुढे, जिन्यानं वर, तुमच्या खोलीपर्यंत.

मी वर जाऊन पाहिलं. रूबेनच्या उशीवर माझं निळं फडकं होतं. ओलं, नीट घडी घातलेलं.

ऊठ पोरी, धाव. जिवंत आहेस तोवर किल्ल्या देऊन टाक म्हणावं.